परतीची तारीख

आमचं वाचनालय जुन्या इस्पितळात आहे.
लहान मुलांची पुस्तकं जिथे ठेवली आहेत
त्या खोलीत पूर्वी बाळंतिणी असायच्या.
स्तुर्ला इथेच जन्मला, खिडकीपासल्या खाटेवर,
हे मी त्याला सांगितलं तेव्हा
त्याने टोपी काढली, उगाचच.

नोव्हेंबरअखेर. सूर्य डोंगरामागे गेलेला,
तो आता जानेवारी सरता सरताच तोंड दाखवणार.
स्तुर्ला चार दिवसांपूर्वी ट्रॉलरवरून उतरला होता
आणि लेक, चौदा महिन्यांची उल्फ्रून,
त्याची दाढी बघून भोकाड पसरत होती.
"पुस्तक द्या," म्हणाला, "तिला माझी सवय होईल असं."

असं पुस्तक कुठल्या कपाटात असतं?
मी आपली नेहमीची जाडजूड काढली,
पुठ्ठ्याच्या पानांची, गोल कोपऱ्यांची,
लाळेला पुरून उरणारी.
एका पानावर एकच वस्तू.
चेंडू. चमचा. बूट.
त्याने आठही पानं उलटली. हाताला माशांचा वास.
"यात गोष्ट कुठाय?"
"ती तू सांगायची."
"मला येत नाही."
"मग नुसतं नाव घे. पण सावकाश.
तिला पुस्तक चाखायचं असेल, चाखू दे.
उलटं धरलं तर उलटं वाच.
ती मागे गेली तर तूही मागे जा."

चकचकीत पुस्तकंही होती,
बटण दाबलं की त्यातली गाय हंबरते.
ती मी दाखवली नाहीत.
गायच हंबरणार, तर बापाने काय करायचं?

आठवड्याने आला, मान खाली घालून.
कोपरा चावलेला. भरपाई म्हणून पाकीट काढू लागला.
मी चष्मा लावून दात मोजले,
वर दोन, खाली दोन.
तीस वर्षं या खोलीत काढली,
पुस्तक चांगलं की वाईट ते मला
परीक्षणं वाचून अजून कळत नाही,
दातांवरून कळतं.

"तिसऱ्या पानापुढे जाऊच देत नाही," तो म्हणाला.
"बूट. परत बूट. काल चाळीस वेळा बूट.
मी काळा बूट म्हटलं, ओला बूट म्हटलं,
शेवटी आमच्या आजोबांचा डावा बूट
लाटेने कसा पळवला, तेही सांगून झालं."
आणि म्हणे गोष्ट येत नाही.
मी पुस्तक पुन्हा त्याच्याच नावावर टाकलं.

डिसेंबरात त्याची बायको आली, स्वान्लाउग,
कडेवर पोर, दोघींच्या टोप्यांवर बर्फ.
पुस्तक हरवलं होतं.
पलंगाखाली नाही, धुण्यात नाही, कुत्र्याच्या टोपलीत नाही.
मग जहाजावरून फोन आला.
पहाटेच्या पाळीला त्याने बुटात पाय घातला
आणि बोटांना काहीतरी अडलं.
गोल कोपरा होता म्हणून टोचलं नाही.

दाराशी उभे असतात ना समुद्रावरचे बूट,
गुडघ्याएवढे, तिच्या उंचीचे,
त्यांतल्या एकात उल्फ्रूनने
चित्रातला बूट नेऊन ठेवला होता.
जोडीच्या जोडी पिशवीत गेली,
पिशवी बंदरावर.

"आता तो रोज रात्री फोनवर वाचतो," स्वान्लाउग म्हणाली,
"नेटवर्क असलं तर. दंड किती?"
पोरीने कडेवरून वाकून
माझ्या पायांकडे बोट केलं.
"स्ती," म्हणाली.
आमच्या भाषेत बुटाचं नाव लांब आहे, स्तिग्व्येल.
तिने त्याचाही कोपरा तेवढा चावून घेतला होता.

परतीच्या तारखेच्या रकान्यात
मी लिहिलं, जहाज येईल तेव्हा.
मग खोडलं, नियम आहेत,
आणि मार्चमधली एक तारीख घातली.

जाताना तिला दुसरं पुस्तक दिलं.
त्यात पहिल्याच पानावर मासा आहे.
तिने तोंडात नाही घातलं.
आधी नाक लावलं.